उतारावरचा एक मीटर

डोंगर कुणाचीही गय करत नाही, असं आल्प्समधल्या टिरोलचा म्हातारा कास्पर गंभीरपणे सांगे. त्याची बायको बुर्गलही करत नसे.

ताज्या बर्फाचा उतार कोसळू नये म्हणून तो एकेकानेच ओलांडायचा, त्यामुळे कास्पर आधी गेला. पलीकडे पोचून त्याने बर्फात गाडलेल्यांना शोधायचं यंत्र बुर्गलच्या गळ्यातल्या तशाच यंत्राच्या दिशेने धरलं. यंत्राने अंतर दाखवलं चाळीस मीटर, मग वीस, मग एक.

बुर्गल अजून पहिल्याच काठावर स्कीचा पट्टा आवळत होती.

"येऊ का रे, म्हाताऱ्या?"

"नको! जंगलातून वळसा घालून ये."

"दोन तास वाढतील, भित्र्या!" ती ओरडली, पण वळली.

ती वळसा घालून पोचली तरी उतार जागचा हलला नाही. घरी जाताना बुर्गल दहा पावलं मागे होती. यंत्र मात्र दारापर्यंत एकच मीटर दाखवत राहिलं.

चुलीवरचं सूप पार गार झालं होतं.