शुद्ध उच्चार

फुफी, म्हणजे अब्बांची बहीण, विशीतच विधवा झाली. पुढे तिला चांगली मागणी आली, तर अब्बा म्हणाले, "धर्मात बसत नाही." घरात अरबीचा अर्थ फक्त त्यांनाच कळायचा. झालं, विषय मिटला! फुफी जन्मभर गल्लीतल्या पोरींना कुराण पढवत राहिली, स्वतःला एका शब्दाचा अर्थ न कळता.

ऐकीव गोष्टींना विटून मी यंदा ठरवलं, आता फक्त कुराण मानायचं. मराठी भाषांतर आणलं आणि फुफीला एक आयत वाचून दाखवली : नवरा गेल्यानंतरची चार महिने दहा दिवसांची मुदत संपल्यावर विधवेनं स्वतःबद्दल रीतसर काही ठरवलं, तर त्याचा दोष कुणावर नाही.

"मूळ ओळ कुठली?" तिनं विचारलं. मी बोट ठेवलं. तिनं ती अरबीत हळूच वाचली.



"इथे माझा उच्चार चुकायचा. तुझ्या अब्बांनी शंभरदा घोटून घेतली होती ही ओळ माझ्याकडून."