दोन मिनिटं आधीची घंटा

महामारीनंतर शाळा पुन्हा भरली. पहिलीच्या पोरांचा कलकलाट ऐकून बाईंचा जीव भांड्यात पडला.

मधल्या सुट्टीला दोन मिनिटं असतानाच अख्ख्या वर्गाने डबे उघडले.

"अरे, घंटा कुठं झालीय अजून?"

"झाली की, बाई!"

बाई चपापल्या. शाळेत आता विजेची घंटा होती आणि ती काट्यावर वाजायची. दोन मिनिटं आधी टोल द्यायची खोड एकट्या शिपाईमामांची. "चिमण्यांना भूक लागते हो," म्हणत ते हेडसरांची बोलणी हसत खायचे. मामा साथीत गेले. त्यांची पितळी घंटाही मागेच उतरवली होती. या पोरांनी तर त्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

दाराजवळची चिमुरडी बाहेर बघत, कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान डोलावत होती. मग ती वळली.

"बाई, ते आजोबा विचारतायत, आजही डबा विसरलात ना?"

बाईंनी पिशवी चाचपली. डबा घरीच राहिला होता.

"असू दे म्हणाले," चिमुरडी बाकावर सरकून जागा करत म्हणाली. "नेहमीसारखं अर्धं अर्धं."