डांबरी रेघ

साहेबांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. दीपंकरला म्हणाले, पंचायतीच्या नकाशात तुमच्या वस्तीला रस्ताच इल्ला, नाहीच, मग तो करायचा कुठं? साहेबांचं बरोबरच होतं. रस्ता मागायला येणाऱ्यानं आधी तो नकाशात तरी आणावा.

दीपंकरच्या आईला, तानीबाईला, आठवड्यातून दोनदा निपाणीला डायलिसिस. गाडी हायवेजवळच्या विजेच्या शेवटच्या खांबापाशी थांबायची, पुढं नुसता चिखल. तिथवर दीपंकर आणि त्याचा भाऊ समाधान आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तंबाखूच्या रानातल्या बांधावरनं उचलून न्यायचे. गेल्या पावसाळ्यात समाधानचा पाय घसरला आणि म्हातारी खुर्चीसकट रानात पडली. त्या दिवशी दीपंकर ढसाढसा रडला.

आता साहेबांच्या शब्दाला मान देऊन त्यानं नकाशे करायचं फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. व्हिडिओतला मास्तर म्हणाला होता, पाच मिनिटांचं काम. पहिले तीन दिवस पडदा कोरा. चौथ्या दिवशी अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आणि आख्खी वस्ती उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडली. तिथंही रस्ता नव्हताच म्हणा.

शेवटी मोबाईल हातात धरून तो बांधावरनं दोनदा चालला आणि वाट पडद्यावर उमटली. पायवाटेला तुटक रेघ द्यायची रीत. ती त्याला लई दळभद्री वाटली. सगळ्या गावाचे रस्ते जाड, काळे, आणि आपल्याच नशिबी तुटकं का? त्यानं डांबरी रस्त्याची रेघ निवडली. वस्तीतली माणसं येऊन बघून गेली. तानीबाईनं तर पडद्यावरनं हळूच बोट फिरवलं.

साहेब खूश झाले. नकाशा फाईलला लावला, खाली दीपंकरची सही घेतली. वर असली पोरं गावोगाव पाहिजेत म्हणाले.

महिन्यानं अर्ज परत आला, नामंजूर. दीपंकर तसाच पंचायतीत गेला. साहेबांनी त्याचाच नकाशा त्याच्यापुढं पसरला आणि काळ्या रेघेवर पेन टेकवलं.

"डांबरी रस्ता झालाय की. परत कशाला मागता?"

रेघ मीच ओढली, खाली चिखलच आहे, असं दीपंकरनं परोपरीनं सांगून बघितलं. साहेब म्हणाले, नकाशा चुकीचा कसा असेल, तुमचीच सही आहे.

घरी येऊन त्यानं आईला सगळं सांगितलं. तिच्याकडं बघायचीही त्याला लाज वाटत होती. समाधाननं सोमवारच्या डायलिसिससाठी पुसून ठेवलेली खुर्ची समोरच होती. ती तानीबाईनं पायानं बाजूला सारली.

"वाट डांबरी झाली न्हवं? मग सोमवारी खुर्ची नको रं. गाडी दारात बोलीव."