पातेलं कलंडलं

"'फेकलं' नाही, 'कलंडलं'," जिनपालकाका म्हणाले. "क्रियापद बदललं की माणूस सुटतो."

मिरजेच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत तिघंच होती. खाटेवर प्रियदर्शनी, उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. खिडकीशी तिचा नवरा भरतेश. आणि स्टुलावर भरतेशचे काका, चार कथासंग्रहांचे लेखक, 'उत्तम कथा कशी लिहावी' या विषयावर जिथं सतरंजी अंथरली जाईल तिथं बोलणारे. जबाब घ्यायला पोलीस येणार म्हटल्यावर घरच्यांनी वकिलाच्या आधी त्यांनाच बोलावलं होतं.

"पुन्हा म्हण."

"दुधाचं पातेलं कलंडलं."

"कुणी कलंडवलं?"

"कुणी नाही."

"शाब्बास. चांगल्या गोष्टीत पात्रं कमी असतात. भरतेश तर या गोष्टीत नाहीच."

गोष्टीत नसलेल्या भरतेशनं घसा खाकरला. "आवं काका, वेळ कुठली सांगायची? भाजलं दुपारी. हितं आणलं रात्री."

"मग रात्रीच भाजलं. नऊ वाजता. लाईट गेली, अंधारात हिला पातेलं दिसलं नाही." काका क्षणभर स्वतःवरच खूश झाले. "बघ, अंधार आला आणि गोष्टीला कारण मिळालं."

प्रियदर्शनीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"आपला आर्जव माझ्या आईजवळ हाय," भरतेश म्हणाला. "तुझी लय आठवण काढतोय. जबाब नीट झाला की आणतो त्याला."

हवालदार आयेशा मुजावर आल्या. काकांनी उठून त्यांना स्टूल दिलं, पण खोली सोडली नाही. पोरगी घाबरलीय, म्हणाले.

प्रियदर्शनीनं गोष्ट सांगितली. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. रात्रीचे नऊ, लाईट गेलेली, गॅसवर दूध, पातेलं कलंडलं. काकांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

आयेशांचं पेन थांबलं.

"चौगुले ना तुमी? आमचं घर जैन बस्तीच्या मागंच हाय. तुमच्यात दिवस मावळल्यावर शेगडी पेटत न्हाई. त्यात हा चातुर्मास. रात्री नऊला दूध कुणासाठी तापवलं?"

जिनपालकाकांच्या कथांमधल्या बायका गेली कित्येक वर्षं रात्रीच स्वयंपाक करत आल्या होत्या, पावसात, कंदिलाच्या उजेडात. पुण्याच्या संपादकांना ते आवडायचं. स्वतः काका जन्मभर दिवसाउजेडी जेवले. या दोन गोष्टींची कधी गाठ पडेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"आता कोण एवढं पाळतंय, ताई," ते हसून म्हणाले. "काळ बदलला."

आयेशांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "बाई, तुमी सांगा. घरात पाळता?"

भरतेश खिडकीपासून एक पाऊल पुढं आला. "आर्जव वाट बघत आसंल," तो हळूच म्हणाला.

प्रियदर्शनी पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांकडे बघत होती.

"आमच्यात पाळतात," ती म्हणाली. "लय कडक पाळतात."

आयेशांनी लिहिलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली. "चला, तुमी दोघं बाहेर बसा. दारापासून लांब. आणि दवाखाना सोडून जायचं न्हाई."

"एवढं कुठला वाचक बघतो," काका जाता जाता पुटपुटले. भरतेशनं त्यांच्या पाठीत कोपर मारलं.

दार लागलं. आयेशांनी कोरा कागद घेतला. "हं. आता सांगा."

"आधी कुणाला तरी घरी पाठवा," प्रियदर्शनी म्हणाली. "माझं पोरगं हितं येऊ दे. मग सांगते."