‘मागे जा’ या आज्ञेचं एक वाक्य

मनाच्या जुन्या आवृत्तीवर परत नेणाऱ्या ‘मागे जा’ या आज्ञेची माहिती मृदुला खानोलकरने सुधारून लिहिली होती. आधी तिथे एवढंच होतं: ‘तुमचं मन निवडलेल्या तारखेला होतं तसं होईल.’ तिने पुढे जोडलं, ‘त्यानंतर आयुष्यात आलेली माणसं तुम्हाला ओळखतील, तुम्ही त्यांना ओळखणार नाही.’

बदललेलं वाक्य, ही आज्ञा वापरलेल्या कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, अशी ऑफिसात पद्धत होती. मृदुलाने यशोधनला बोलावलं.

त्या दोघांची मुलगी वारली त्या वर्षी यशोधनने आपलं मन मृदुलाशी लग्न होण्याच्याही आधीच्या तारखेला नेलं होतं. मृदुला दूध घेऊन घरी आली, तेव्हा त्याने दार उघडून विचारलं होतं, “कोण हवंय आपल्याला?” वाक्य नीट लिहिलेलं असतं तर तो गेला नसता, अशी ती तेव्हापासून स्वतःची समजूत घालत आली होती.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. ही सवय लग्नाआधीचीच असणार.

“आता स्पष्ट आहे?” तिने विचारलं.

“अगदी. पण मॅडम, कुणाला थांबवायला लिहिलं असेल, तर उपयोग नाही. ज्याला जायचं असतं, त्याला नेमकं हेच हवं असतं. गेलो तेव्हाचं मला आठवत नाही, पण हे आधी वाचलं असतं, तर मी बहुधा आणखी लवकर गेलो असतो.”

मृदुलाने त्याचे आभार मानले आणि फॉर्मवर ‘वाचकाला अर्थ कळला’ या ओळीपुढे खूण केली.