मुंग्या थांबल्या

मुलाची होडी वादळातून सुखरूप परतली, तेव्हा एडवणच्या हिराने महाराजांच्या सत्संगात व्रत घेतलं. विस्तवावर शिजलेलं काही खायचं नाही, आणि मासळी, दूध, तूप तर शिवायचंही नाही. तेव्हापासून ती भिजवलेले दाणे, काकडी आणि फळांवर राहिली. पुढे तिची जीभ सोलवटली, पायांना सारख्या मुंग्या येऊ लागल्या.

"जरा गरम कालवण घे ना," नवरा बळवंत विनवायचा. ती ऐकायची नाही.

मग मुंग्या थांबल्या. "बगा, महाराजांनी माजं दुखणं नेलं," ती हसून म्हणाली.

परवा ती सत्संगाहून अनवाणी घरी आली, तर ओटीपासून चुलीपर्यंत रक्ताची पावलं उमटली. टाचेत बाटलीची काच रुतली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. बळवंतने तिला रिक्षात घालून बोईसरच्या दवाखान्यात नेलं. टाके घातल्यावर डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं.

"खाण्यातून जे मिळायला हवं ते मिळालंच नाही, म्हणून नसा गेल्यात. इंजेक्शनं देऊ, पण फार उशीर झालाय."

तो आत आला. हिरा डोळे मिटून जप करत होती. तो पायथ्याशी बसला, तिची पावलं घट्ट धरली आणि त्यांवर कपाळ टेकून आवाज न करता रडू लागला.

डोळे न उघडताच हिरा म्हणाली, "अवो, अजून भायेरच हाय का तुमी? या ना, जवळ बसा."