देवीचा कौल

"उजवी पाकळी पडली तर नीट, डावी पडली तर जेईई. आई, आता तूच सांग," सदानंद हात जोडून म्हणाला. त्याला लेक डॉक्टर हवी होती, बायकोला इंजिनीअर. घरात अबोला धरला गेला, तेव्हा तो कौल लावायला ग्रामदेवीपुढे आला होता.

गुरवानं ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवून बराच वेळ झाला, तरी एकही हलेना.

"काका, देवी रुसली की काय?"

गुरव घुटमळला. "सदाभाऊ, एका गोष्टीचा कौल देवी दोनदा देत नाही. सकाळीच तुमची ऋतुजा येऊन घेऊन गेली."

सदानंदाचा जीव भांड्यात पडला. "मग सांगा की! कोणती परीक्षा?"

"चित्रकलेची सीईटी देऊ का, एवढंच विचारलं पोरीनं. मी हात मागे घेतोय, तोच उजवी खाली, म्हणजे होकार!"

सदानंदाचे जोडलेले हात तसेच राहिले.

देवीचा कौल मोडणाऱ्याचं घर उभं राहत नाही, हे लेकीच्या मनावर लहानपणापासून बिंबवलं होतं ते त्यानंच.